हलकं लिनक्स टाकूनही जुना पीसी पुन्हा रखडतो: दोष कुठे शोधायचा आणि मग निवडायचं काय

तक्रार साधारण एकाच साच्यातली असते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ या मशीनवर चढत नाही, म्हणून कुणीतरी सुचवलेलं 'एकदम हलकं' लिनक्स टाकलं. नव्याचे नऊ दिवस छान गेले. मग ब्राउझर उघडायला वेळ लागू लागला, माउसचा बाण मध्येच गोठू लागला, आणि एक दिवस पॉवरचं बटण दाबून धरण्याची वेळ आली. म्हणून दुसरी डिस्ट्रो (लिनक्सचा दुसरा तयार संच) टाकली, मग तिसरी. दर वेळी पहिले पाढे पंचावन्न.

यातली गोम अशी की ताजं इन्स्टॉल नेहमीच चपळ वाटतं. ब्राउझरमध्ये काही साठलेलं नसतं, दोनच टॅब उघडलेले असतात, मागे अपडेट उतरत नसतात, डिस्कवर भरपूर जागा असते. फॉरमॅट मारल्यावर मिळालेला वेग बऱ्याचदा त्या डिस्ट्रोचा नसतोच, तो कोऱ्या डिस्कचा असतो. त्यामुळे 'अमुक लिनक्स पळतं, तमुक रखडतं' हे अनुभव ऐकताना मी आधी एवढंच विचारतो: वापरून किती दिवस झाले?

डिस्ट्रो निवडणं हे या कामातलं शेवटचं पाऊल आहे. आधी मशीनचा कोणता भाग दमतोय ते कळायला हवं, नाहीतर दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

रखडतं कधी, ते पाहा

'एचटॉप' नावाचा छोटा प्रोग्राम जवळपास प्रत्येक डिस्ट्रोत मिळतो. तो टाका आणि एका कोपऱ्यात उघडा ठेवा. मशीन पूर्ण गोठल्यावर तो उघडायला गेलात तर उघडणार नाही, म्हणून आधीच उघडा. ते जमलं नसेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबून नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर जा आणि तिथे लॉगिन करून पाहा. ग्राफिक पडदा अडकलेला असतानाही ही वाट बहुधा मोकळी असते.

आता वाचायचं असं. सीपीयूच्या पट्ट्या शंभर टक्क्यांना टेकलेल्या असतील तर प्रोसेसर कमी पडतोय. पट्ट्या निवांत आहेत, पण मेमरीची पट्टी भरली आहे आणि खालचा स्वॅप (रॅम अपुरी पडल्यावर वापरली जाणारी, सहसा डिस्कवरची जागा) वाढत चाललाय, तर रॅम. पट्ट्याही निवांत, मेमरीही मोकळी, तरीही काही हलत नाही आणि कॅबिनेटवरचा हार्डडिस्कचा दिवा मात्र न मिचकता पेटलेला, तर डिस्क. या तिसऱ्या प्रकारात लोक सर्वात जास्त फसतात, कारण आकड्यांवरून सगळं ठीक दिसत असतं.

मेमरीचा आकडा वाचतानाही एक गफलत नेहमी होते. 'फ्री' ही कमांड दिल्यावर 'फ्री' नावाचा रकाना जवळजवळ रिकामा दिसतो आणि माणूस घाबरतो. मोकळी रॅम पडून ठेवण्यापेक्षा लिनक्स ती नुकत्याच वाचलेल्या फाइलींसाठी वापरतं, आणि गरज पडली की लगेच सोडतं. पाहायचा रकाना 'अव्हेलेबल'. तो दीड-दोनशे एमबीच्या खाली गेला आणि तिथेच राहिला, तर मात्र रॅम खरंच अपुरी आहे.

हार्डडिस्क: बहुतेक चोर इथे सापडतात

एका सार्वजनिक वाचनालयातला डेस्कटॉप सांगतो. जी४१ चिपसेटचा (बोर्डावरचे भाग जोडणारी मुख्य चिप) बोर्ड, ड्युअल कोअर प्रोसेसर, २ जीबी रॅम, १६० जीबीची फिरती हार्डडिस्क. त्यावर लुबंटू झालं, लिनक्स लाइट झालं, शेवटी पपी लिनक्स आलं आणि पपी खरोखर पळालं. 'बाकीची सगळी जड आहेत, पपीच हलकं' असं सगळ्यांचं ठरलं. पण पुस्तकांच्या यादीची फाइल जतन करायला गेलं की तेच पळणारं मशीन मिनिटभर गप्प बसायचं, आणि कॅबिनेटला कान लावला तर आतून ठरावीक अंतराने टक्... टक् ऐकू यायचं.

पपीची रचना लक्षात घेतली की कोडं सुटतं. बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेली ही डिस्ट्रो सुरू होतानाच स्वतःला रॅममध्ये उचलून घेते. पेनड्राइव्हवरून चालू केली तर नंतर तो काढून घेतला तरी चालते. म्हणजे ती डिस्कला जवळजवळ हातच लावत नव्हती, आणि म्हणून आजारी डिस्कचा त्रास तिला होत नव्हता. जतन करताना डिस्कशी गाठ पडली की पितळ उघडं.

अशा वेळी डिस्कची स्मार्ट नोंद (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती) उघडायची. 'डिस्क्स' नावाच्या ग्राफिक प्रोग्राममध्ये ती दिसते, किंवा 'स्मार्टमॉनटूल्स' हे पॅकेज टाकून टर्मिनलमध्ये. त्यातल्या चारच ओळी कामाच्या. क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदली जागा द्यावी लागलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). १९७ म्हणजे वाचता येत नसलेले, अजून निकाल न लागलेले सेक्टर. १९८ म्हणजे तपासणीतही वाचता न आलेले. या तिघांसमोरच्या शेवटच्या 'रॉ' रकान्यात शून्य हवं. १९७ शून्यापेक्षा जास्त असेल आणि आठवड्याने पाहिल्यावर वाढलेला असेल, तर त्या डिस्कवर कुठलीही डिस्ट्रो पळणार नाही. डिस्क तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, आणि तोवर सगळं मशीन ताटकळतं. आधी डेटा काढून घ्या, मग बाकीचं.

चौथी ओळ १९९ क्रमांकाची. ती वाढत असेल आणि बाकी तिन्ही शून्य असतील, तर डिस्क ठीक आहे, डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबल गेली आहे किंवा सैल बसली आहे. केबल बदलून पाहा. डिस्क फेकू नका. तो आकडा केबल बदलल्यावरही मागे जात नाही, फक्त वाढायचा थांबतो, हे माहीत नसलं की माणूस उगाच दुसरी केबल आणायला जातो.

वाचनालयाच्या मशीनमध्ये १९७ समोर मोठा आकडा होता. डिस्कच्या जागी छोटी एसएसडी लावली आणि आधी टाकाऊ ठरवलेलं लुबंटूच पुन्हा टाकलं. तेच आता तिथे चालू आहे. या पिढीच्या बोर्डांवर साटाचा वेग सेकंदाला ३ गिगाबिटपर्यंतच असतो, त्यामुळे एसएसडीचा पूर्ण वेग मिळत नाही, अशी शंका कुणी काढतं. ती खरी आहे आणि तरी बिनमहत्त्वाची. फिरत्या डिस्कला एखादी छोटी फाइल शोधायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, एसएसडीला त्याचा शंभरावा हिस्सा. संगणक सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइली शोधाव्या लागतात. फरक पडतो तो तिथे.

जुन्या पीसीवर पैसे खर्चायचेच असतील तर आधी एसएसडी, मग रॅम. प्रोसेसर बदलण्याच्या फंदात मी तरी पडणार नाही.

रॅम घेताना

बोर्डाची मर्यादा आधी पाहा. ९४५जीसी चिपसेट २ जीबीच्या पुढे जात नाही, जी३१ चार जीबीपर्यंत, जी४१ आठ जीबीपर्यंत. जी४१ च्या डीडीआर३ बोर्डांची एक खोड आहे, आणि ती माहीत नसल्यामुळे चांगली रॅम 'खराब' म्हणून परत जाते. हे बोर्ड २ गिगाबिटपर्यंतच्याच चिप ओळखतात. ४ जीबीची पट्टी हवी असेल तर तिच्यावर सोळा चिप हव्यात, दोन्ही बाजूंना आठ-आठ. नव्या ४ जीबीच्या पट्टीवर आठच चिप असतात. ती लावली की पडदा काळा तरी राहतो नाहीतर बीप वाजत बसतो. दुकानात पट्टी हातात घेऊन मोजायची, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

लॅपटॉपला डीडीआर३ की डीडीआर३एल हे पाहून घ्या. पहिली १.५ व्होल्टची, दुसरी १.३५ व्होल्टची. १.३५ व्होल्टच मागणाऱ्या लॅपटॉपमध्ये साधी डीडीआर३ चालत नाही.

रॅम वाचवली डेस्कटॉपने, खाल्ली ब्राउझरने

डिस्ट्रोंची तुलना करताना सगळे 'सुरू झाल्यावर किती एमबी' हा आकडा सांगतात. आइसडब्ल्यूएम हा डेस्कटॉप (इथे अर्थ खिडक्या आणि मेनू दाखवणारा प्रोग्राम) वापरणारी अँटीएक्स दोनशे एमबीच्या आसपास उभी राहते, एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई वापरणाऱ्या बहुतेक डिस्ट्रो चारशे ते आठशेच्या दरम्यान, आणि सिनॅमन डेस्कटॉपची मिंट एक जीबीच्या घरात. फरक खरा आहे. पण त्यानंतर आपण ब्राउझर उघडतो, त्यात मेल, एक बातम्यांचं संकेतस्थळ आणि व्हॉट्सअॅप वेब उघडतो, आणि एका फटक्यात एक जीबी गेलेली असते. २ जीबीच्या मशीनवर डेस्कटॉपने वाचवलेले तीनशे एमबी हा एका-दोन टॅबचा खुराक.

म्हणून रॅम हा दोष ठरला तर डिस्ट्रो बदलण्याआधी हे करून पाहा.

फायरफॉक्सच्या मेनूत 'मोअर टूल्स'च्या खाली 'टास्क मॅनेजर' आहे. कोणता टॅब आणि कोणतं एक्स्टेन्शन किती मेमरी खातंय ते तिथे नावानिशी दिसतं. दोषी बहुधा एकच निघतो. जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन टाका. जुन्या मशीनवर त्याचा उपयोग जाहिराती न दिसण्यापेक्षा त्या न चालण्यासाठी जास्त आहे. मराठी बातम्यांच्या काही संकेतस्थळांवर मजकुरापेक्षा आपोआप वाजणारे व्हिडिओच इतके असतात की यूब्लॉकशिवाय ती २ जीबीवर उघडूच नयेत.

दुसरं, झेडरॅम. यात रॅमचाच एक भाग स्वॅप म्हणून वापरला जातो, आणि त्यात जाणारा मजकूर दाबून लहान केला जातो. अडीच-तीन पट दाबला जाणं सहज शक्य असतं. डेबियन आणि त्यावर आधारित डिस्ट्रोंत 'झेडरॅम-टूल्स' पॅकेज टाकलं की काम होतं. त्याच्या सेटिंगच्या फाइलीत टक्केवारी ५० ठेवली तरी पुरे. थोडा सीपीयू खर्च होतो, पण फिरत्या डिस्कवरच्या स्वॅपच्या तुलनेत तो काहीच नाही. २ जीबी आणि फिरती डिस्क असेल तर झेडरॅम हा एकच बदल बहुतेकांना पुरतो, आणि तरीही 'हलकं लिनक्स कोणतं' या चर्चांत त्याचं नाव क्वचितच निघतं.

तिसरं, 'अर्लीऊम'. रॅम संपत आली की मशीन गोठण्याआधीच सर्वात जास्त खाणारा प्रोग्राम हे बंद करतं. अचानक टॅब मेला तर चिडचिड होते, पण पॉवर बटण दाबण्यापेक्षा बरं. पॉवर बटणाने बंद करायची सवय लागली की पुढे फाइल सिस्टीमच्या तक्रारी सुरू होतात.

यूट्यूब अडकण्याचं कारण मात्र वेगळं. तिथे व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतीने दाबलेले येतात. इंटेलच्या प्रोसेसरांत एच.२६४ ही जुनी पद्धत उलगडायची सोय सँडी ब्रिज पिढीपासून, म्हणजे २०११ पासून, लिनक्सवरही नीट चालते. व्हीपी९ ची पूर्ण सोय खूप नंतर आली. ती नसली की सगळा भार सीपीयूच्या माथी, आणि पट्ट्या शंभरावर. 'एच२६४इफाय' नावाचं एक्स्टेन्शन यूट्यूबला एच.२६४ मागायला लावतं. ते टाका आणि ४८०पी वर समाधान माना. कोअर टू ड्युओवर १०८०पी पाहण्याचा हट्ट कुठलीच डिस्ट्रो पुरवणार नाही.

धूळ, चार्जर आणि सेल

अर्धा तास छान चालून मग मंदावणारं मशीन बहुधा तापलेलं असतं. 'एलएम-सेन्सर्स' टाकून तापमान पाहा. काहीही काम नसताना सत्तरच्या पुढे असेल तर ब्लोअर मारा आणि थर्मल पेस्ट बदला.

लॅपटॉप चार्जर लावला की मंद आणि बॅटरीवर ठीक, किंवा सतत एकाच कमी वेगावर अडकलेला, तर चार्जर तपासा. काही लॅपटॉप आपला अॅडॅप्टर मधल्या पिनमधून ओळखतात. डुप्लिकेट चार्जर ओळखला गेला नाही की प्रोसेसरचा वेग खाली बांधून ठेवतात. विंडोजमध्ये त्याची सूचना तरी येते. लिनक्समध्ये बहुधा काहीच दिसत नाही, आणि बोल डिस्ट्रोला लागतो.

'लिनक्स टाकल्यापासून एकही वेबसाइट उघडत नाही, सुरक्षित नाही म्हणतं' ही तक्रार आली की घड्याळ पाहा. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते आणि सगळ्या संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रं खोटी ठरतात. सेल बदलला की झालं.

३२ बिट की ६४

इथे एक गैरसमज चिवट आहे: '२ जीबी रॅम म्हणजे ३२ बिटच टाकायचं.' विंडोज ७ ची ३२ बिट प्रत त्यावर होती, म्हणून मशीनच ३२ बिट आहे असं लोक धरून चालतात. कोअर टू ड्युओ २००६ मध्ये आला आणि तो ६४ बिट आहे. त्यानंतरचे बहुतेक ड्युअल कोअर आणि सगळे आय३, आय५ ६४ बिट. खात्री करायची तर कुठलंही लाइव्ह लिनक्स (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालणारं) चालू करून टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' द्या. वरच्या दोन-तीन ओळींतच ३२ आणि ६४ दोन्ही लिहिलेले असतील तर ६४ बिट घ्या.

३२ बिटवर मेमरी थोडी कमी लागते हे खरं. पण तो रस्ता आता संपत आलाय. क्रोमने लिनक्सवरचं ३२ बिट २०१६ मध्येच सोडलं. फायरफॉक्सने १४४ व्या आवृत्तीनंतर सोडलं. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही (लिनक्सचा गाभा) नाही. उबंटू कुटुंब तर कधीच बाहेर पडलंय. शंभर-दीडशे एमबी वाचवायला चालू मशीन या गल्लीत नेऊ नका.

खरोखर ३२ बिटच असलेली मशीन म्हणजे पेन्टियम ४ च्या सुरुवातीच्या पिढ्या, पेन्टियम एम, आणि अॅटम एन२७० वाल्या छोट्या नेटबुक. त्यांच्यासाठी डेबियन १२ किंवा तिच्यावर बेतलेली अँटीएक्स २३. डेबियन १२ ला दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत जाहीर झालेला आहे. पेन्टियम एमवर इन्स्टॉलर 'पीएई (प्रोसेसरची मेमरीसंबंधीची एक सोय) नाही' म्हणून अडला, तर बूटच्या ओळीत 'फोर्सपीएई' लिहून पाहा. त्यातल्या बऱ्याच प्रोसेसरांना ती सोय असते, फक्त ते सांगत नाहीत. अशा नेटबुककडून मात्र टायपिंग, पीडीएफ, गाणी एवढीच अपेक्षा ठेवा. बँकेचं काम त्यावर करू नका.

उलट टोकाची अडचणही आहे. कोअर टू ड्युओ ६४ बिट असला तरी रेड हॅट ९ आणि त्यावर बेतलेल्या अल्मा, रॉकी यांच्या ९ व्या आवृत्त्या त्यावर चालत नाहीत. त्यांना इंटेलच्या नेहेलम, म्हणजे कोअर टू नंतरच्या पिढीपासूनच्या प्रोसेसर-सूचना लागतात. 'लिनक्स कुठेही चालतं' म्हणत कुणी ती टाकायला गेलं आणि बूटलाच अडलं, तर पेनड्राइव्हला दोष देऊ नका.

मग कोणती टाकायची

वरचं सगळं तपासून झालं असेल तर हा प्रश्न सोपा होतो.

४ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाका आणि विषय संपवा. नवख्या माणसाला जमते, मदत सहज मिळते, आणि प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षं आधार असतो. एकच काळजी: टाइमशिफ्ट या प्रोग्रामने सिस्टीमच्या घेतलेल्या प्रती. १२० जीबीच्या एसएसडीवर त्या रोजच्या रोज साठू दिल्या तर काही महिन्यांत डिस्क भरते, आणि भरलेल्या डिस्कवर लॉगिनसुद्धा होत नाही. एक-दोन प्रतीच ठेवा.

२ जीबीला माझी पसंती एमएक्स लिनक्सच्या फ्लक्सबॉक्स आवृत्तीला किंवा साध्या डेबियनला, एलएक्सक्यूटी निवडून. लुबंटू वाईट नाही, पण तिच्यात फायरफॉक्स स्नॅप (लागणारं सगळं सोबत बांधलेलं पॅकेज) रूपात येतो आणि फिरत्या डिस्कवर स्नॅपचा पहिला प्रोग्राम उघडायला वेळ खातो. लोक 'लुबंटू जड झाली' म्हणतात तेव्हा निम्मा राग स्नॅपवरचा असतो. घ्यायची तर दर दोन वर्षांनी येणारी एलटीएस (दीर्घ आधाराची) आवृत्तीच घ्या. तिला तीन वर्षं आधार मिळतो. मधल्या आवृत्त्यांना नऊच महिने असतात. ते संपले की अपडेट बंद, आणि पुन्हा फॉरमॅट.

एक जीबी किंवा कमी: अँटीएक्स. दिसायला जुनाट, मेनू थोडे विस्कळीत, पण दुरुस्तीची सगळी हत्यारं आत भरलेली. विंडोज एक्सपीची सवय असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी क्यू४ओएसची ट्रिनिटी आवृत्ती पाहा. ट्रिनिटी ही केडीई ३.५ ची पुढे चालवलेली शाखा. सगळी बटणं जिथल्या तिथे वाटतात.

पपी आणि टायनी कोअर यांना मी रोजच्या वापरासाठी सुचवत नाही. टायनी कोअर वीस-पंचवीस एमबीत मावते हे कौतुकाचं आहे, पण वाय-फाय आणि मराठी फॉन्ट बसवता बसवता घरातल्यांचा उत्साह मावळतो. मेलेल्या मशीनमधून डेटा काढायला मात्र पपीचा पेनड्राइव्ह जवळ असावाच. सी-डॅकचं बॉस लिनक्सही काही जण विचारतात. भारतीय भाषांचा विचार करून डेबियनवर बांधलेलं ते आहे, हलकेपणा हा त्याचा हेतू नव्हे.

टाकण्याआधी व्हेंटॉय या प्रोग्रामने एकाच पेनड्राइव्हवर दोन-तीन आयएसओ (डिस्ट्रोंच्या इन्स्टॉलच्या फाइली) ठेवा आणि लाइव्ह चालवून वाय-फाय, आवाज, उजेड कमी-जास्त होणं, झाकण मिटून उघडणं एवढं पाहा. वेग मात्र लाइव्हवरून ठरवू नका. यूएसबी २ च्या पोर्टवर सगळ्याच डिस्ट्रो रडतात.

टाकल्यावर अडतं ते

वाय-फाय दिसत नसेल तर चिप बहुधा ब्रॉडकॉमची निघते. वायर लावा किंवा मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग करा, आणि मग ड्रायव्हर घ्या. डेबियन १२ पासून अधिकृत आयएसओतच बरंच फर्मवेअर (चिपमध्ये भरायचे छोटे प्रोग्राम) येतं, त्यामुळे हा त्रास पूर्वीपेक्षा कमी झालाय.

बूट होताना पडदा काळा राहिला तर सुरुवातीला दिसणाऱ्या ग्रबच्या यादीत ई दाबून, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहायचं हे सगळीकडे सांगितलेलं असतं. पुढचं सांगितलेलं नसतं: हा उपाय आत शिरण्यापुरता आहे. तो कायमचा ठेवला तर ग्राफिक्सचा ड्रायव्हरच चालत नाही, खिडकी सरकवण्याचं कामही सीपीयूला करावं लागतं, आणि मशीन कायमचं मंद होतं. डिस्ट्रोमागून डिस्ट्रो बदलणाऱ्या काही जणांनी प्रत्येक वेळी हाच शब्द सोबत नेलेला असतो. आत शिरल्यावर योग्य ड्रायव्हर टाका आणि तो शब्द काढा. एक्सएफसीईमध्ये खिडक्यांच्या सावल्या दाखवणारा कंपोझिटरही बंद करून टाका, 'विंडो मॅनेजर ट्वीक्स'मध्ये सापडतो.

मराठी टाइप करायला आयबस (टायपिंगचा वेगळा प्रोग्राम) हवंच असं नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय भाषांखाली मराठीचा इनस्क्रिप्ट आणि 'कगप' नावाचा उच्चारानुसारी असे दोन्ही आराखडे असतात, आणि त्यांना वेगळा प्रोग्राम चालू ठेवावा लागत नाही. नोटो किंवा लोहित फॉन्ट टाका आणि 'तऱ्हा' लिहून पाहा. इनस्क्रिप्टमध्ये ऱ शिफ्ट आणि जे वर आहे.

प्रिंटरचं आधीच विचारून घ्या. एचपीचा लेझरजेट १०२० चालतो, पण त्याला दर वेळी चालू केल्यावर फर्मवेअर पाठवावं लागतं. एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरसोबत त्याचा प्लगइन टाकला की ते आपोआप होतं. कॅननच्या एलबीपी२९०० ला कंपनीचा कॅप्ट ड्रायव्हर लागतो आणि नव्या डिस्ट्रोवर तो बसवणं किचकट काम आहे. झेरॉक्सच्या दुकानात हाच प्रिंटर असेल तर आधी तो चालवून दाखवा, मग विंडोज पुसा.

आणि काही मशीनवर लिनक्स टाकूच नये. टॅली, श्रीलिपी, पेजमेकर यांवर ज्याचं पोट आहे, किंवा बोटांचे ठसे घेणारं यंत्र नाहीतर डिजिटल सहीचा टोकन रोज लावावा लागतो, त्याला आधी त्या-त्या वस्तूचा लिनक्स ड्रायव्हर दाखवा. २ जीबीवर वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं साधन) टॅली चालवण्याचा खटाटोप कुणाच्याच कामाचा नाही. डीटीपीवाल्याचं जुनं विंडोज ७ तसंच राहू द्या, नेटची वायर काढून. कामाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि नेटसाठी दुसऱ्या जुन्या डब्यावर डेबियन टाका. श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या फाइली तिकडे न्यायच्या असतील तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या, नाहीतर लिबरऑफिसमध्ये त्या इंग्रजी अक्षरांचा कचरा म्हणून उघडतील.